मोटारीच्या चाकांतील हवा आणि सूचनेचा दिवा

हल्लींच्या मोटारींत चालकासमोरील तबकडीवर कधीं कधीं एक पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालासारखी आकृति व तिच्या पोटांत उद्गारचिन्ह. एखाद्या चाकांतील हवा कमी झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळांस तो ठाऊक नसतो. आणि ज्यांस ठाऊक असतो त्यांपैकीं कित्येकजण "रविवारीं पाहूं" असें म्हणून गाडी पुढें हांकतात. हा इवलासा दिवा आला कोठून, हें आज सांगावयाचें आहे. कारण त्याच्या जन्मामागें शेंकडों माणसांचे मृत्यु आहेत.

चाकांत हवा भरण्याची कल्पना मोटारीहून जुनी. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि तसलीं चाकें लाविलेली घोडागाडी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें धांवलीही. पण काळ अनुकूल नव्हता; कल्पना विस्मृतींत गेली. पुढें बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें १८८७ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति नव्यानें शोधून काढली. त्याचें १८८८ चें पेटंट थॉमसनच्या आधींच्या पेटंटामुळें टिकलें नाहीं. कीर्ति मात्र डनलॉपच्याच पदरीं पडली. जगांत असें पुष्कळदां घडतें.

हवेच्या चाकानें प्रवास सुखाचा केला, पण एक नवें संकटही आणलें. लांकडी चाक मोडलें तर डोळ्यांस दिसतें; हवेचें चाक मुकाट्यानें दुबळें होतें. त्यांतून मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं पेटंट घेतलेला रेडियल पद्धतीचा टायर सर्वत्र रूढ झाल्यावर तर नजरेचा भरंवसाच संपला. या टायरची बाजू हवा पुरेशी असतांही जमिनीपाशीं किंचित् फुगलेली दिसते. लाथ मारून वा डोळ्यांनीं पाहून हवा ओळखण्याची विद्या येथें निरुपयोगी ठरते. हवा कमी असली म्हणजे प्रत्येक फेऱ्यागणिक टायरच्या बाजू अधिक वांकतात, त्या घर्षणानें तो आंतून तापतो, आणि भर वेगांत वरचा थर सुटून येण्याची भीति असते.

अमेरिकेंत नेमकें हेंच झालें. फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायरांचे थर सुटून गाड्या उलटूं लागल्या. ऑगस्ट २००० मध्यें फायरस्टोननें सुमारें ६५ लाख टायर परत मागविले. सरकारी नोंदींप्रमाणें या टायरांशीं निगडित मृत्यूंची संख्या अखेर २७१ वर गेली. टायर सदोष, कीं उंच गाडी सदोष, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा कलह माजला. फोर्डनें सुचविलेला दाब दर चौरस इंचास २६ पौंड होता, फायरस्टोनला ३० हवा होता. चार पौंडांचा हा वाद ऐकावयास क्षुल्लक. पण गाडी भरलेली, दिवस उन्हाळ्याचे आणि वेग मोठा असला म्हणजे तो क्षुल्लक राहत नाहीं.

त्याच वर्षीं १ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं नव्या कायद्यावर सही केली, आणि प्रत्येक नव्या गाडींत हवेची सूचना देणारी योजना असावी असें ठरलें. योजना अगदींच नवी नव्हती. पोर्शच्या ९५९ या महागड्या गाडींत ती १९८६ सालीं आलेली होती. प्रश्न होता तो कोणती पद्धत मान्य करावयाची याचा. एका पद्धतींत प्रत्येक चाकांत दाब मोजणारें छोटें यंत्र असतें व तें बिनतारी संदेश पाठवितें. दुसरी स्वस्त पद्धत चाकांच्या गतीवरून अनुमान काढते. हवा कमी झालेलें चाक किंचित् लहान होतें, म्हणून अधिक वेगानें फिरतें. परंतु चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तुलना कशाशीं करावयाची? २००२ च्या नियमानें कारखानदारांस ही पळवाट ठेविली होती. २००३ सालीं न्यायालयानें ती रद्द केली. माझ्या मतें या साऱ्या प्रकरणांतील सर्वांत शहाणपणाचें कृत्य तेंच. २००५ चा सुधारलेला नियम असा कीं, एका किंवा चारही चाकांतील दाब नेमून दिलेल्यापेक्षां २५ टक्के उतरला कीं दिवा लागलाच पाहिजे. युरोपांत २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीस अशी योजना सक्तीची झाली. आपल्याकडे २०२० च्या दुरुस्तीनें, ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचें साहित्य आणि ही योजना असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीस स्टेपनी ठेवण्यांतून सूट मिळाली. (स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गांवच्या एका रस्त्याच्या नांवावरून आला, हें जातां जातां सांगतों.)

आतां दिवा लागला तर काय करावें? थंडीच्या दिवसांत तो सकाळीं लागून दुपारीं विझला तर नवल नाहीं. बंदिस्त हवेचा दाब उष्णतेबरोबर कमीजास्त होतो, हें फ्रान्सच्या आमोंताँनें अठराव्या शतकाच्या आरंभींच दाखविलें. ३५ अंशांवर ३३ पौंड भरलेली हवा ५ अंशांवर २८ च्या आसपास येते. आधींच कमी असलेल्या चाकास एवढी घट पुरे होते. तरी दिवा विझला म्हणून हवा पुरेशी झाली असें समजूं नये.

गाडी तीनचार तास उभी राहून चाकें थंड झालीं म्हणजे मापकानें चारही चाकें तपासावीं. किती हवा भरावयाची तो आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. टायरच्या कडेवर असतो तो कमाल दाब, तो भरूं नये. एकच चाक वारंवार उतरत असेल तर साबणाचें पाणी लावावें. व्हॉल्व्हपाशीं, रिमच्या कडेस किंवा खिळ्याच्या जागीं बुडबुडे येतात. हवा भरूनही दिवा न विझल्यास गाडी कांहीं मिनिटें चालवावी, अथवा पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें योजना पुन्हां जुळवून घ्यावी. गाडी सुरू करतांच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बिघाड हवेंत नसून बहुधा योजनेंतच असतो. चाकांतील यंत्राची बॅटरी साधारण पांच ते दहा वर्षांत संपते, आणि बहुतेक यंत्रांत ती बदलतां येत नसल्यानें यंत्रच नवें बसवावें लागतें. तोंपर्यंत मापक गाडींत ठेवावा.