तिकिटावरचं नाव कुणाचं?

कुणी भाकरी टाकता टाकता ऐकत असेल, कुणी बैठकीला जमलेल्या बायकांच्या मधोमध मोबाईल ठेवून. आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहोत, समुद्राची.

तुम्ही म्हणाल, लातूर-नांदेडच्या माणसांचा आणि समुद्राचा काय संबंध? आपल्याकडं मांजरा आहे, गोदावरी आहे. २०१६ साली तर लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. अशा गावची आम्ही दोघं नवरा-बायको, पण जहाजाच्या सहलीची आम्हाला हौस. आतापर्यंत तीनदा जाऊन आलो. आता कुणी विचारलं की तारीख कशी धरावी, खोली कोणती घ्यावी, तर आम्ही सांगू शकतो. पण पहिल्या खेपेला जे झालं ते आधी सांगतो, कारण आजचं बोलणं तिथूनच निघालं.

पहिली सहल मुंबईहून गोव्याची. सगळी तयारी आमच्यातल्या त्यानं केली. पैसे त्यानं भरले, फॉर्म त्यानंच भरला. आमच्यातल्या तिला फक्त बॅग भरायला सांगितलं. बंदरावर तपासणीला उभे राहिलो, तर तिकिटावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरं. लग्नात तिचं नाव बदललं होतं. घरात, गावात सगळे त्याच नावानं हाक मारतात, म्हणून त्यानं सवयीनं तेच लिहिलं. आधारवर मात्र शाळेतलं, माहेरचं नाव. पाऊण तास आम्ही बाजूला उभे. लोक पुढं जात होते, आमच्याकडं बघत होते. शेवटी ज्यांच्याकडून तिकीट घेतलं त्यांना फोन लावले, नाव दुरुस्त करून घेतलं आणि अगदी शेवटी जहाजावर चढलो. रात्री डेकवर बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझ्या प्रवासाचा कागद मी आज पहिल्यांदा बघितला."

ते वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. मग आम्ही जुन्या काळातले समुद्रप्रवास वाचायला लागलो. आपल्या माणसांनी जहाजाचं तिकीट कसं काढलं, कुणी काढलं, आणि त्यात बाई कुठं होती, हे शोधायला लागलो.

पहिली गोष्ट आनंदीबाई जोशींची. त्यांचं माहेरचं नाव यमुना. आनंदी हे लग्नानंतरचं, म्हणजे नाव बदलायची गोष्ट तिथंही होतीच. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. बायकोला शिकवायचंच, ही त्यांची जिद्द. त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की आम्हा दोघांना तिकडं येता येईल का, मला काम आणि बायकोला शिक्षण मिळेल का. ते पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडं गेल्या होत्या. तिथं बसल्या असताना ते त्यांच्या वाचण्यात आलं आणि दोन्ही घरांत पत्रव्यवहार सुरू झाला.

बेत दोघांनी मिळून जायचा होता. गोपाळरावांचं जमेना, तेव्हा ठरलं की आनंदीबाईंनी एकटीनं जायचं. त्या काळी समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानायचे. पुरुषांनासुद्धा परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे. इथं तर अठरा वर्षांची बाई निघाली होती, तीही नवऱ्याशिवाय. लोकांनी नावं ठेवली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाईंनी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभं राहून, आपण अमेरिकेला का जातोय, हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी बजावलं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाज सुटलं आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने पाण्यावर.

मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. गोपाळराव तोवर तिकडं येऊन पोचले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोघं मिळून परत निघाले आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरले. महासागरावरचा दोघांचा सोबतीचा प्रवास तो, पण तेव्हा आनंदीबाई क्षयानं खंगल्या होत्या. पुढं तीन महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. आम्हाला मात्र त्यांची ती सभा जास्त आठवते. प्रवासाचा बेत नवऱ्यानं सुरू केला होता, पण निघताना त्याचं उत्तर तिनं स्वतः दिलं.

आता आपल्या भागाकडं येऊ. तुम्हाला वाटेल, मराठवाड्यातून समुद्रावर कोण गेलं असेल? खूप माणसं गेली, आणि जोडीनं गेली. ती म्हणजे हजला जाणारी. औसा, उदगीर, कंधार, नांदेड इथल्या मुस्लिम घरांत विचारलं, तर कुणाची तरी आजी 'पानी के जहाज से' गेलेली निघते. बाईनं नवरा, भाऊ, मुलगा अशा जवळच्या पुरुषाबरोबरच जायचं, असा नियम. म्हणून नवरा-बायकोच्या जोड्या जास्त असायच्या.

त्यांचा प्रवास कसा असे पाहा. १९०० च्या सुमारास नांदेडवरून मनमाडला जाणारी रेल्वे झाली. लातूरला १९११ साली बार्शी लाईटची छोटी गाडी आली, ती कुर्डुवाडीला मोठ्या गाडीला गाठून द्यायची. रेल्वेनं मुंबईला उतरायचं, मुसाफिरखान्यात राहायचं आणि जहाजाची वाट बघायची. तिथं दलालांचा सुळसुळाट. जहाज उद्या सुटतंय म्हणून पैसे घ्यायचे आणि माणसं तिथंच पडून राहायची. तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८६ साली इंग्रज सरकारनं हजयात्रेच्या तिकिटांचं काम थॉमस कुक या कंपनीकडं दिलं. ही तीच कंपनी, जिच्या मालकानं १८४१ साली इंग्लंडात पाचएकशे माणसांची सहल एका रेल्वेगाडीतून, माणशी एक शिलिंग घेऊन नेली होती. आजच्या टूर कंपन्यांचं मूळ तिथं सापडतं. आता गावाकडच्या रेल्वेचं आणि जहाजाचं तिकीट एकाच ठिकाणी मिळू लागलं. पण काही वर्षांतच कुक कंपनीनं ते काम सोडलं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. पुष्कळ गरीब माणसं जायचं तिकीट कसंबसं काढत आणि परतीला पैसे उरत नसत. जेद्दा बंदरावर ती अडकून पडत. परक्या मुलखात नवरा आजारी पडून गेला आणि हातात पैसा नाही, तर बाईनं काय करायचं? म्हणून १९२० च्या दशकात कायदाच झाला, की यात्रेकरूनं परतीचं तिकीट काढावं किंवा तेवढी रक्कम आधी जमा ठेवावी. मैत्रिणींनो, आज कोणत्याही सहलीला जाताना 'जायचे पैसे आहेत, यायचं बघू' असं कुणी म्हणालं, तर हा कायदा का करावा लागला ते आठवा.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. मक्का-मदिनेत निजामाच्या संस्थानानं यात्रेकरूंसाठी राहायच्या जागा करून ठेवल्या होत्या, त्यांना रुबात म्हणतात. राज्य गेलं, तरी जुन्या हैदराबाद राज्याच्या मुलखातल्या यात्रेकरूंना, म्हणजे मराठवाड्यातल्यांनाही, त्यांचा लाभ मिळत आला. जहाजानं हजला जाणं मात्र १९९५ साली थांबलं आणि सगळे विमानानं जाऊ लागले. आणखी एक गोष्ट बदलली. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना, चारजणी मिळून, घरच्या पुरुषाशिवाय हजला अर्ज करता येऊ लागला. चौघींचा तो अर्ज, चौघींच्या नावानं.

आता सहलीच्या जहाजाकडं वळू. नुसतं फिरायला जहाजावर जायचं, ही कल्पना आली कुठून? जर्मनीत हँबुर्गला अल्बर्ट बालिन नावाचा जहाज कंपनीचा कारभारी होता. त्याची जहाजं माणसांना अमेरिकेला नेत. हिवाळ्यात समुद्र खवळला की प्रवासी कमी, जहाजं नुसती उभी. म्हणून जानेवारी १८९१ मध्ये त्यानं एक जहाज भूमध्य समुद्रात फिरायला काढलं. २४१ प्रवासी होते आणि बालिन स्वतः बायकोला घेऊन त्यात बसला. म्हणजे सहलीच्या जहाजाचा जन्म रिकाम्या हंगामातून झाला. आजही हिशोब तोच आहे. सुट्ट्या, दिवाळी, नाताळ या दिवसांत भाडं चढतं. मधल्या दिवसांत तीच खोली स्वस्तात मिळते.

आपल्या किनाऱ्यावर हंगाम ठरवतो पावसाळा. कोकणच्या आगबोटी मुंबईहून रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत जायच्या, त्या पावसाळ्यात बंद राहायच्या. डेकचं तिकीट काढलेली माणसं चादर पसरून जागा धरायची आणि रात्र काढायची. जवळच्या फेऱ्या मात्र पावसातही चालत. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळी पावसात बुडाली. सातशेच्या आसपास माणसं होती, सहाशेहून जास्त गेली. ही गोष्ट घाबरवायला सांगत नाही. तारीख ठरवताना पंचांगाआधी समुद्राचा हंगाम बघा, आणि जहाजावर लाईफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवायला बोलावतात, तेव्हा 'त्याला काय होतंय' म्हणून खोलीत बसू नका, एवढंच सांगायचंय.

त्या आगबोटी पुढं इतिहासात गेल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आंग्रिया हे सहलीचं जहाज सुरू झालं, पुढं ते बंद पडलं. २०२१ मध्ये कॉर्डेलियाचं जहाज आलं आणि त्याचं तिकीट रेल्वेच्या आयआरसीटीसीवरही मिळू लागलं. ज्यावरून आपण रेल्वेचं तिकीट काढतो, तिथूनच जहाजाचंही.

आता आम्ही काय शिकलो ते सांगतो. जाहिरातीतलं भाडं बहुतेक वेळा 'एका खोलीत दोघं' असं धरून माणशी लिहिलेलं असतं. एकट्या माणसाला ती खोली महाग पडते. पण त्या दोघांनी नवरा-बायकोच असलं पाहिजे, असं कुठं आहे? गटातल्या दोन मैत्रिणी, दोघी जावा, सासू-सून, कुणीही खोली वाटून घ्या. खिडकी नसलेली आतली खोली सगळ्यांत स्वस्त. आम्ही तीच घेतो, कारण दिवसभर तर डेकवरच असतो. कर आणि बंदराचे पैसे धरून शेवटचा आकडा विचारा. जेवणात काय येतं आणि कशाचे पैसे वेगळे लागतात, तेही विचारा. तिकीट रद्द केलं तर किती कापतात, हे पैसे भरायच्या आधी वाचून घ्या. आणि मुंबईला आदल्या दिवशी पोचा. लातूर एक्सप्रेस असो की नांदेडची देवगिरी, गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.

एवढा खर्च झेपत नसेल, तरी समुद्र काही दूर नाही. मुंबईला कामानं गेलात तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तासाभरात पलीकडं. तिकीट काढायच्या खिडकीपाशी मात्र तुम्ही स्वतः उभ्या राहा.

आमच्या घरी आता नियम असा आहे. पैसे दोघांच्या बचतीतले, आणि फॉर्म भरताना आधार कार्ड समोर ठेवून नाव ती स्वतः लिहिते, अक्षर न् अक्षर जुळवून. तिकिटाच्या दोन प्रती, एक त्याच्याकडं, एक तिच्या पर्समध्ये. दुसऱ्या सहलीला बंदरावर ती पुढं झाली, कागद काढले, दोन मिनिटांत आत. तो मागून बॅगा घेऊन आला.

तेव्हा पुढच्या बैठकीला एक काम करा. सहलीला जायचं असो वा नसो, प्रत्येकीनं आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन या आणि दोन्हींवर एकच नाव आहे का, ते एकमेकींना वाचून दाखवा. फरक असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. बंदरावर, बँकेत, दवाखान्यात, कुठंही ते नाव आधी विचारतात.