वसतिगृहातील फोन आणि त्याचे दुसरे टोक

दूरध्वनीचा इतिहास सांगताना बहुधा यंत्राचाच इतिहास सांगितला जातो. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, १९६० मध्ये कानपूर–लखनौ यांदरम्यान पहिली एसटीडी सेवा आली, हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु फोनला दोन टोके असतात, आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे यावरच पहिल्या टोकाची किंमत ठरते. भीमपूरसारख्या गावातून शिकण्यासाठी बाहेर पडलेल्या आणि वसतिगृहात राहिलेल्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिले, तर हा इतिहास बराच वेगळा दिसतो. तोच येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

भीमपूर हे आदिलाबाद जिल्ह्यातील पैनगंगेच्या बाजूचे गाव. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. नदीच्या अलीकडचा हा मुलूख पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मराठी भाषिक म्हणून पलीकडे गेले. आदिलाबाद मात्र आंध्र प्रदेशात राहिले. त्यामुळे येथील मराठी घरांतील मुलांना उच्च शिक्षणासाठी तीन वाटा होत्या: राजधानी म्हणून हैदराबाद, जवळचे मराठी शहर म्हणून नागपूर, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. कोठेही गेले तरी वसतिगृह अटळ होते.

वसतिगृह आणि घर यांच्यातील अंतर किती मोठे असू शकते याचे उदाहरण १९३८ सालचे आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. शिक्षण तुटले, गाव बदलले, भवितव्य बदलले. पण खेड्यातील आईवडिलांना हे कळवण्याचे साधन पत्र किंवा फार तर तार एवढेच होते. मुलाने आपल्या आयुष्याचा निर्णय घेतला आणि घराला तो मागाहून कळला. आज्ञाधारक घरांत वाढलेल्या त्या मुलांच्या स्वातंत्र्याचा एक भाग या अंतराने दिलेला होता, असे म्हणता येईल.

स्वातंत्र्यानंतर वसतिगृहांत फोन आला. तो असे रेक्टरांच्या किंवा वॉर्डनच्या कार्यालयात, काळा, जड, आणि तबकडीला लहानसे कुलूप लावलेला. म्हणजे फोन येऊ शकत असे, करता येत नसे. काही हुशार मुले रिसीव्हर ठेवण्याचा खटका मोजून टकटक दाबत आणि कुलूप न उघडताच नंबर फिरवीत. दर आकड्याला तितके ठोके, एवढेच त्यातील शास्त्र. पण ही विद्या शहरातल्या शहरात उपयोगी. गावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार; अर्जंटला दुप्पट आणि लाइटनिंगला त्याहून कित्येक पट पैसे. तीन मिनिटांचा एक हिस्सा, आणि तो संपला की ऑपरेटरचा आवाज मध्येच येई. विशिष्ट व्यक्तीच आली तर बोलणे जोडावे, यासाठी ‘पी. पी.’ कॉल असे. परंतु भीमपुरात फोनच नव्हता, तेव्हा विशिष्ट व्यक्तीला बोलावणार कोठून?

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. १९७९ साली आम्ही हैदराबादेत शिकत असताना आमचे आजोबा वारले. काका गावातून आदिलाबादला गेले आणि तेथून त्यांनी वसतिगृहाला ट्रंक कॉल लावला. कार्यालयात जो कोणी होता त्याने निरोप नीट लिहून घेतला आणि ती चिठ्ठी सूचनाफलकावर लावली. खानावळीची बाकी असलेल्यांची यादी त्याच दिवशी लागली, आणि चिठ्ठी तिच्याखाली गेली. दोन दिवसांनी एका मित्राने आमचे नाव वाचून हाक मारली. सुमारे तीनशे किलोमीटरचा रात्रीचा बसप्रवास करून आम्ही पोहोचलो तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. काका रागावले नाहीत. ‘फोन तर केला होता रे,’ एवढेच म्हणाले. त्यांच्या बाजूने फोन लागला होता. आमच्या बाजूने तो लागायला दोन दिवस लागले.

दोन माणसांच्या मधला हा तिसरा माणूस वसतिगृहाच्या फोनच्या इतिहासात सर्वत्र आहे. त्या काळच्या लग्नपत्रिका आणि अर्ज पाहावेत. नंबरापुढे कंसात ‘पी. पी.’ असे लिहिलेले आढळते. याचा अर्थ फोन शेजारच्याचा. किराणा दुकानदार, डॉक्टर, पोस्टमास्तर यांच्या सौजन्यावर एकेक गल्ली बोलत असे. बोलावणारा मुलगा धावत जाई, आई पदराला हात पुशीत येई, आणि चार लोकांसमोर ‘बरा आहेस ना, जेवतोस ना’ याहून अधिक काही बोलले जात नसे.

१९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने भारतीय हवामानात, वातानुकूलनाशिवाय चालणारी लहान ग्रामीण केंद्रे तयार केली. त्यानंतरच्या दशकात पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ दुकाने वसतिगृहांच्या फाटकांसमोर उभी राहिली. रात्र चढली की दर अर्धा, मग तिसरा हिस्सा आणि शेवटी पाव होई. म्हणून रांगा जेवणानंतर लागत आणि मध्यरात्रीपर्यंत हलत. काचेच्या खोलीत लाल आकडे पळत असत आणि बोलणारा त्यांच्याकडे पाहतच बोलत असे. फोन स्वतः करण्याचा अधिकार विद्यार्थ्याला येथे प्रथम मिळाला. त्याच सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांत वसतिगृहाच्या खोलीखोलीत फोन असे, आणि दूरच्या बोलण्यासाठी कोणत्या कंपनीची सेवा किंवा कोणते कॉलिंग कार्ड घ्यावे, हा तेथील विद्यार्थ्यापुढचा प्रश्न होता. आपल्याकडे पर्याय निवडण्याचा प्रश्न नव्हता. गावाकडे उचलणारा फोन आहे की नाही, हा होता.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व गावांत फोन पोहोचवण्याचे ठरवले होते. हे उद्दिष्ट वेळेत साधले नाही, आणि १९९९ च्या धोरणाला २००२ ही नवी मुदत घालावी लागली. हे १९९४ चे धोरण आले तेव्हा पंतप्रधानपदी पी. व्ही. नरसिंह राव होते. ‘वंदे मातरम्’ आंदोलनात भाग घेतल्यामुळे ज्यांना निजामाच्या राज्यातील शिक्षण सोडून नागपूरला जावे लागले, त्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. योगायोग म्हणून सोडून द्यावा, इतका हा लहान वाटत नाही.

पुढचा बदल खिशातून आला. २००३ मध्ये येणारा कॉल विनामूल्य झाला आणि ‘मिस्ड कॉल’ ही विद्यार्थ्यांची नवी तार ठरली: एक घंटी म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे पैसे पाठवा. सीमेवरच्या आमच्यासारख्या गावांना मात्र राज्याची हद्द नव्याने कळली. नातेवाईक नदीपलीकडे, पण दूरसंचार खात्याच्या हिशेबी मंडळ दुसरे. पलीकडच्या मनोऱ्याची लहर पकडली की रोमिंगचा आकार लागे. १९५६ ची रेषा जी बोलीत, सोयरिकीत, बाजारात फारशी जाणवली नव्हती, ती फोनच्या बिलात छापून येऊ लागली. २००६ मध्ये देशभर एक रुपया मिनिट अशी योजना आली, २०१५ नंतर रोमिंगचे ओझेही उतरत गेले, आणि ती रेषा पुन्हा पुसट झाली.

आज भीमपूर स्वतंत्र मंडलाचे ठिकाण आहे. २०१६ मध्ये तांसीपासून ते वेगळे झाले. येथील मुले वसतिगृहातून आईला चेहरा दाखवून बोलतात. फोन न पोहोचलेल्या गावांसाठी केंद्र शासनाला २०२२ मध्येही खास योजना मंजूर करावी लागली, यावरून दुसऱ्या टोकाचे काम किती लांबले हे ध्यानी यावे. मधला तिसरा माणूस आता उरला नाही. त्याच्याबरोबर गैरसोय गेली, चोरून ऐकणारे कान गेले, आणि दुसऱ्याच्या आईला बोलावण्यासाठी भरउन्हात धावणारा मुलगाही गेला. हिशेब मांडला तर लाभच अधिक, हे आम्ही निःशंकपणे म्हणू. ज्याची चिठ्ठी यादीखाली गेली, त्याला तरी दुसरे काही म्हणता येणार नाही.