पुस्तकाची दोरी कुणाच्या हातात?

परवा आमच्या शाळेतल्या जुन्या गुरुजींचा फोन आला. वय पंचाहत्तर, पण आवाज अजून वर्गातलाच. लेकीकडे अमेरिकेला निघालेत, तीन महिन्यांसाठी.

"अरे, तू पेपरवाला माणूस, तुला माहीत असेल. ते पुस्तकं वाचायचं यंत्र असतं ना, तसलं एक जुनं स्वस्तात मिळतंय. वायफाय नाही त्यात, पण आतच मोबाईलचं कनेक्शन आहे म्हणे, तेही फुकट. जगात कुठेही बसा आणि पुस्तक उतरवून घ्या. घेऊ का?"

मी म्हणालो, "गुरुजी, नका घेऊ."

"का?"

या 'का'चं उत्तर फोनवर मावेना. त्यात जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण प्रवासात वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

प्रवासात वाचायची सवय लोकांना मोठ्या प्रमाणावर लावली ती रेल्वेने. १८४८ साली लंडनच्या यूस्टन स्टेशनात डब्ल्यू. एच. स्मिथ यांचा पुस्तकांचा स्टॉल सुरू झाला. आपल्याकडे १८७७ मध्ये अलाहाबादला ए. एच. व्हीलर सुरू झालं. मुंबईच्या लोकलने गेलेल्या प्रत्येकाने हे नाव फलाटावर वाचलेलं आहे. याच व्हीलरने १८८८ मध्ये रेल्वेच्या प्रवाशांसाठी खास पुस्तकमाला काढली. लेखक होता मुंबईत जन्मलेला, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा रुडयार्ड किपलिंग. किंमत एक रुपया.

त्या व्यवहारातली एक गोष्ट लक्षात ठेवा. रुपया दिला, पुस्तक घेतलं, गाडी सुटली. तिथे दुकानदाराचा आणि तुमचा संबंध संपला. पुस्तक अर्धं वाचून शेजाऱ्याला द्या, नाहीतर घरी नेऊन नातवासाठी ठेवा. व्हीलरचा माणूस मागे धावत येऊन पुस्तक काढून घेणार नव्हता.

आता थेट १९९७ मध्ये येऊ. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेतून ई-इंक नावाची कंपनी निघाली. हा पडदा मोबाईलसारखा डोळ्यांत प्रकाश मारत नाही. आत अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, पान उलटताना तेवढी लागते. म्हणून बॅटरी तासांत न संपता आठवडे चालते. प्रवाशाला आणखी काय हवं!

असा पडदा असलेलं पहिलं वाचनयंत्र सोनीने २००४ मध्ये जपानात आणलं. पण त्यावर घेतलेलं पुस्तक ६० दिवसांनी बंद पडायचं. पैसे मोजून दोन महिन्यांचं भाडं! लोकांनी पाठ फिरवली यात नवल नाही. २००६ मध्ये सोनीने अमेरिकेत पुढचं यंत्र आणलं, त्याला पुस्तकं संगणकाला केबल लावून भरावी लागत. म्हणजे वाटेत पुस्तक संपलं की शोधा संगणक.

ही अडचण ॲमेझॉनने बरोबर हेरली. १९ नोव्हेंबर २००७ ला किंडल बाजारात आलं. किंमत ३९९ डॉलर, तरी पहिला साठा साडेपाच तासांत संपला. खरी करामत यंत्रात नव्हती, कनेक्शनमध्ये होती. आत मोबाईलचं नेटवर्क बसवलेलं, स्प्रिंट या अमेरिकी कंपनीचं. ग्राहकाला ना महिन्याचं बिल, ना करार. बसमध्ये बसून पुस्तक निवडा, मिनिटाभरात हजर. या सोयीला नाव दिलं 'व्हिस्परनेट', म्हणजे कुजबुजणारं जाळं.

आता हे फुकट होतं का? मुळीच नाही. नेटवर्कचा खर्च कंपनी उचलत होती आणि पुस्तकविक्रीतून वसूल करत होती. चहावाला टपरीवर बाकडं टाकतो, ते काही समाजसेवा म्हणून नाही. तरीही सोय मोठी होती, हे मान्य करायला हवं. अडचण एवढीच की ते जाळं फक्त अमेरिकेत चालायचं आणि त्या पहिल्या यंत्रात वायफाय नव्हतंच.

२००९ साली दोन गोष्टी घडल्या. दोन्ही गुरुजींच्या प्रश्नाशी थेट जोडलेल्या.

पहिली जुलैमधली. अमेरिकेतल्या अनेक ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं रातोरात गायब झाली, 'नाइन्टीन एटीफोर' आणि 'ॲनिमल फार्म'. ज्याने ती विकायला ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, म्हणून ॲमेझॉनने ती लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसली आणि पैसे परत केले. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर अभ्यासाची टिपणं काढली होती, तीही निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि दीड लाख डॉलरवर तडजोड झाली. सरकार नागरिकांवर पाळत ठेवतं आणि जुने कागद नष्ट करतं, अशी गोष्ट सांगणारंच पुस्तक पुसलं जावं! आपल्या बिहारात, मोतिहारीला जन्मलेल्या ऑरवेललाही हा योगायोग सुचला नसता.

ज्या वाटेने पुस्तक मिनिटात येतं, त्याच वाटेने ते मिनिटात परतही जाऊ शकतं, हे जगाला त्या दिवशी कळलं.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरमधली. किंडलची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आली, भारतासह शंभराहून अधिक देशांसाठी. नेटवर्क एटी अँड टी आणि तिच्या भागीदार कंपन्यांचं. याही यंत्रात वायफाय नव्हतं. गुरुजींना विकायला काढलंय ते यंत्र वर्णनावरून याच पिढीतलं वाटतं.

वायफाय आलं २०१० मध्ये. तेव्हा ग्राहकापुढे पहिल्यांदा निवड आली: नुसतं वायफाय १३९ डॉलर, वायफाय आणि थ्रीजी १८९ डॉलर. प्रवास करणारे सहसा पन्नास डॉलर जास्त मोजून थ्रीजी घ्या, असंच सुचवत. तेव्हा तो सल्ला बरोबरही होता. परदेशात मोबाईल डेटा परवडत नव्हता.

मग आपल्याकडेही दिवस बदलले. २०१२ मध्ये किंडल भारतात दुकानातून मिळू लागलं. २०१६ उजाडलं आणि जानेवारीत मुंबई सेंट्रल स्टेशनवर मोफत वायफाय आलं. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाच्या खिशात हॉटस्पॉट आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांचा वेगळा विभाग सुरू झाला. यंत्रात वेगळं मोबाईल कनेक्शन असण्याची गरज तिथेच संपत आली.

शेवटचा घाव २०२१-२२ चा. अमेरिकेतल्या मोबाईल कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, कारण त्या लहरी नव्या नेटवर्कसाठी हव्या होत्या. ज्या किंडलमध्ये वायफाय नव्हतं त्यांचं कनेक्शन कायमचं गेलं. यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, पण पुस्तक येण्याची वाट बंद. उरली केबल. आणि २६ फेब्रुवारी २०२५ ला ॲमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने भरण्याची सोयही काढून टाकली. स्वतःकडची साधी फाईल केबलने अजून टाकता येते, पण दुकानातून नवं पुस्तक घेऊन त्या जुन्या यंत्रात टाकण्याचा सरळ मार्ग राहिला नाही.

म्हणून गुरुजी, ते यंत्र नको. विकणारा फसवतोय असं नाही, त्यालाही बहुधा माहीत नसेल.

मग काय घ्यावं? माझं मत सांगतो.

साधं वायफायवालं घ्या. मोबाईल कनेक्शनसाठी जास्त पैसे मोजू नका. घेण्याआधी एखादं मराठी पुस्तक उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का ते पाहा. जुनी मराठी पुस्तकं बरेचदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात. सहा इंची पडद्यावर ती मुंगीच्या अक्षरात दिसतात, तिथे मोठा पडदा लागतो.

विमानतळ, स्टेशन, हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका. तिथे आधी पान उघडतं, मग मोबाईलवर ओटीपी येतो. परदेशात आपलं सिम बंद असेल तर ओटीपी कुठून येणार? फोनचा हॉटस्पॉट बरा. यंत्राला तो दिसत नसेल तर फोनमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा, बरीच वाचनयंत्रं तेवढंच ओळखतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक पुस्तक एकदा उघडून पाहा. मी एकदा कोकण रेल्वेने निघालो, यंत्रात बारा पुस्तकांची मुखपृष्ठं झळकत होती. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला. पुस्तक उघडायला गेलो तर कळलं, यंत्रात नुसती चित्रं होती, पुस्तकं कंपनीच्या साठ्यातच राहिली होती. चूक माझीच. पुढचा प्रवास शेजाऱ्याच्या भेळेच्या कागदावर काढला.

पुस्तकं उघडून झाली की विमान मोड लावा. बॅटरी टिकते आणि तेवढे दिवस तरी पुस्तकाची दोरी आपल्या हातात राहते. जी पुस्तकं आयुष्यभर हवीत, ती मात्र कागदावरच घ्या. यंत्रातल्या पुस्तकाचे आपण पैसे देतो ते बहुतेक वेळा वाचण्याच्या परवान्याचे, मालकीचे नव्हे.

हे सगळं गुरुजींना संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे शिदोरी घरूनच बांधून न्यायची. वाटेत मिळेल म्हणून निघायचं नाही. मग एवढा इतिहास कशाला सांगितलास?"

तुमच्या घरी असं जुनं, वायफाय नसलेलं यंत्र पडून असेल तर ते विकताना समोरच्याला एवढं नक्की सांगा. विशेषतः तो पंचाहत्तरीचा वाचक असेल तर.