डोंगरावरचीं नगरें आणि खालून आलेले प्रवासी

सन १७८६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २६ तारखेस एक जर्मन गृहस्थ मध्य इटलींतील असिसी गांवाच्या पायथ्याशीं भाड्याच्या गाडींतून उतरला. गाडी त्यानें पुढच्या मुक्कामाला, फोलिन्यो शहराकडे, पाठवून दिली आणि सोसाट्याचा वारा सुटला असतांही तो पायींच चढण चढूं लागला. प्रवासांत तो आपलें नांव मोलर असें सांगत आला होता. वास्तविक हा गृहस्थ म्हणजे जर्मनीचा कविश्रेष्ठ गटे.

असिसी हें संत फ्रान्सिसचें गांव. डोंगराच्या एका सोंडेवर, प्रचंड कमानींच्या चौथऱ्यावर, त्या साधूच्या समाधीसाठीं एकावर एक अशीं दोन देवालयें बांधलेलीं आहेत आणि मैदानांतून येणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम तींच पडतात. शतकानुशतकें यात्रेकरू हा डोंगर चढले ते या समाधीसाठीं. गटेनें त्या इमारतीकडे पाहून नाक मुरडलें, ती डावी घातली आणि गांवांत शिरून एका तरुणाला मिनर्व्हा देवीच्या देवळाची वाट विचारली. हें देऊळ रोमन काळचें, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतलें. सन १५३९ पासून तेथें मेरीमातेची उपासना चालते. पण दर्शनी भागाचे सहा खांब आणि त्यांवरील त्रिकोणी शिरोभाग कायम आहे. प्राचीन काळची इतकी अभंग इमारत गटे आयुष्यांत प्रथमच पाहत होता. पॅलाडिओ या विख्यात स्थपतीच्या ग्रंथावर भिस्त ठेवून तो आला होता. ग्रंथांतील आकृति आणि समोरची इमारत यांचा मेळ बसत नाहीं हें ध्यानीं येऊन तो जरा खट्टू झाला. तरी तेथून त्याचा पाय निघेना.

उतरतांना गंमत झाली. शस्त्रधारी शिपायांनीं त्याला वाटेंत गांठलें. असिसीला यावें आणि संताच्या समाधीकडे फिरकूंही नये, असा हा पायीं हिंडणारा परका मनुष्य चोरटा माल नेणाराच असला पाहिजे, असा त्यांचा तर्क! आपण केवळ इमारत पाहावयास आलों होतों, हें कवीनें त्यांना परोपरीनें समजावून सांगितलें. शेवटीं त्यांतलाच एकजण मागें परतून आला आणि आपल्याला तसा संशय कधींच नव्हता असें सांगून बक्षिसी मागूं लागला.

पण यांतील खरी मौज पुढेंच आहे. वरच्या देवालयाच्या भिंतींवर संत फ्रान्सिसच्या चरित्रांतील प्रसंग रंगविलेले आहेत. परंपरेनें हीं चित्रें जोत्तोचीं मानलीं जातात. पंडितांचा त्याविषयीं वाद आहे. पहिल्याच चित्रांत एक साधाभोळा मनुष्य तरुण फ्रान्सिसच्या पायांखालीं आपला झगा पसरीत आहे, आणि पाठीमागें उभें आहे तें मिनर्व्हेचें देऊळ. चित्रकारानें सहांऐवजीं पांचच आणि तेही काडीसारखे खांब काढले आहेत, पण देऊळ तेंच. गटे ज्याच्यासाठीं डोंगर चढला, तें त्यानें टाळलेल्या भिंतीवर सुमारें पांचशें वर्षें रंगविलेलें होतें. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. ग्रीस आणि रोम यांच्या पलीकडे सौंदर्य नाहीं, असें मानणाऱ्या काळांत त्याची दृष्टि घडली होती. प्रवासी डोंगर चढतो तेव्हां त्याच्या पाठीवर सामान नसलें तरी मनांत पुष्कळ असतें.

हीं गांवें डोंगरावर गेलीं तीं मात्र कोणाच्या दृष्टिसुखासाठीं नव्हे. रोमच्या उदयापूर्वींच्या एट्रुस्कन लोकांनीं व्होल्तेर्रा, कोर्तोना, पेरूजा, ऑर्व्हिएतो अशीं नगरें उंचावर वसविलीं. रोमन साम्राज्य मोडल्यावर सपाटीवरचे रस्ते असुरक्षित झाले, दऱ्याखोऱ्यांत दलदल माजली, आणि जीव घेणारा ताप तेथें मुक्कामाला आला. मलेरिया हा शब्दच मुळीं इटालियन. त्याचा अर्थ दूषित हवा. दोष हवेचा नसून डांसाचा आहे याचा पुरावा रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेस १८९७ सालीं सांपडला. पण कारण चुकलें तरी डोंगरावर राहण्याचा उपाय चुकला नव्हता. तात्पर्य, हे तट, हे अरुंद बोळ, हे वळणावळणाचे चढ, सर्व कांहीं खालून येणाऱ्याला अडविण्यासाठीं होतें. ज्या दृश्यासाठीं परदेशचा मनुष्य आज हजारों मैल येतो, तें दृश्य भीतीनें रचलेलें आहे.

या भीतीचें मोल ऑर्व्हिएतोला चांगलें समजतें. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या खडकाचा उभा कडा आणि त्यावर हें गांव. १५२७ च्या मे महिन्यांत बादशाही फौजेनें रोम लुटलें. सातवा क्लेमेंट पोप महिनेच्या महिने अडकून पडला आणि डिसेंबरांत निसटून या कड्यावर आश्रयाला आला. पुढच्या मार्चमध्यें इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे दोन वकील, गार्डिनर आणि फॉक्स, राजाच्या काडीमोडीची परवानगी मागण्यास तेथें दाखल झाले. त्यांच्या पत्रांत देखाव्याचें नांव नाहीं. अन्न नाहीं, राहण्यास धड जागा नाहीं, हवा वाईट, पोपच्या दालनांच्या भिंती उघड्या आणि छतें कोसळलेलीं, असें त्यांनीं लिहिलें आहे. गड कितीही अजिंक्य असला तरी पाण्यावांचून तो लढत नाहीं, हें मराठी माणसाला सांगावयास नको. पोपनें सांगाल्लो नांवाच्या स्थपतीकडून तेथें विहीर खोदविली. १५३७ सालीं ती पुरी झाली तेव्हां पोप हयात नव्हता. सुमारें ५३ मीटर खोल अशा त्या विहिरींत एकमेकांभोंवतीं फिरणारे दोन जिने आहेत, प्रत्येकास २४८ पायऱ्या. पाणी भरावयास उतरणारीं खेंचरें एका जिन्यानें जात आणि चढणारीं दुसऱ्यानें येत, त्यामुळें वाटेंत गांठ पडत नसे. आज तेथें पाण्यासाठीं कोणी उतरत नाहीं. तिकीट काढून उतरतात.

फ्रेंच निबंधकार मोंतेञ १५८० सालीं सिएनाला आला तो मूतखड्याच्या व्यथेनें जर्जर होऊन, ठिकठिकाणच्या औषधी झऱ्यांचें पाणी पीत. त्याची रोजनिशी १७७० सालीं एका जुन्या पेटींत सांपडली व १७७४ सालीं छापली गेली. सिएनाचा शिंपल्यासारखा उतरता चौक कोणत्याही शहरांतील चौकापेक्षां सुंदर आहे, असें तींत म्हटलें आहे. पण त्याहून मनोवेधक आहे ती एक बारीकशी नोंद. चौकाच्या कडेच्या वेदीवर रोज उघड्यावर प्रार्थना होई, आणि भोंवतालचे कारागीर हातांतलें काम न सोडतां, आपल्या दुकानांत बसूनच ती ऐकत; मुख्य क्षण येतांच कर्णा वाजे. हें लिहिणारा मनुष्य पाहणारा होता खरा. मात्र ती वेदी तेथें कां आली, तें या नोंदींत नाहीं. १३४८ च्या महामारींतून जे वांचले त्यांच्या नवसाची ती फेड होती. त्या सालीं सिएनांत इतकी माणसें मेलीं कीं पुरावयास माणसें मिळेनात. आञोलो दी तूरा या बखरकारानें आपलीं पांच मुलें स्वतःच्या हातांनीं पुरलीं व तें लिहून ठेवलें. १३३९ सालीं नगरानें आपलें महादेवालय जगांत मोठें करण्याचा घाट घातला होता. महामारीनें तो थांबला तो कायमचा. एक उंच भिंत तेवढी उभी राहिली. आतां तिच्या माथ्यावर चढून प्रवासी देखावा पाहतात.

सान जिमिञानोची कथा याहून सरळ आहे. रोमकडे जाणाऱ्या यात्रामार्गावरचें हें गांव केशराच्या व्यापारावर गबर झालें आणि तेथील घराण्यांनीं एकमेकांच्या ईर्ष्येनें बुरूज चढविले. परंपरा त्यांची संख्या ७२ सांगते. उरले आहेत सुमारें १४. १३४८ च्या महामारीनें गांव खचलें आणि १३५३ सालीं त्यानें फ्लॉरेन्सपुढें मान तुकविली. व्यापाराचा रस्ता दुसरीकडे वळला. मोठ्या शहरांत जुने बुरूज पाडून नवे वाडे झाले. येथें पाडावयास व बांधावयास पैसाच नव्हता. इतक्या शतकांनंतर येणारा पाहुणा म्हणतो कीं या लोकांनीं जुनें वैभव किती जिवापाड जपलें! जपलें तें दारिद्र्यानें. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यानें १९०५ सालच्या आपल्या पहिल्या कादंबरींतील मोंतेरियानो हें गांव याच सान जिमिञानोवरून उभें केलें, आणि इटलीच्या दर्शनानें आपण शहाणे होतों अशी समजूत बाळगणाऱ्या इंग्रज प्रवाशांची त्यांत चांगलीच हजेरी घेतली. तोंपर्यंत आगगाडी आली होती. पण रूळ खोऱ्यांतून गेले, आणि असिसी, ऑर्व्हिएतो व कोर्तोना यांचीं स्टेशनें पायथ्याशींच राहिलीं. डोंगरावरच्या माणसाला खालीं शेतावर जाणें होतेंच. तेथें जमीन अर्धेलीनें कसली जाई, म्हणजे निम्में पीक धन्याचें. प्रवाशाच्या रोजनिशींत ही विभागणी क्वचितच येते. ती पद्धति मोडली तेव्हां कित्येक वाड्या ओस पडल्या व पुढें परदेशी लोकांनीं विश्रांतीसाठीं विकत घेतल्या.

इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्स १९२७ च्या एप्रिलमध्यें व्होल्तेर्राला गेला तो एट्रुस्कन लोकांच्या शोधांत. प्रकृति ढांसळलेली, तीन वर्षांनीं तो वारला व त्याचें पुस्तक १९३२ सालीं मरणोत्तर निघालें. डोंगरावर थंडी होती. संगजिऱ्याच्या कोरीव रक्षापात्रांवर तो लुब्ध झाला, आणि त्याच दिवसांत गांवच्या भिंतींवर मुसोलिनीची थोरवी गाणारीं वाक्यें ताजीं रंगविलेलीं होतीं, तींही त्यानें टिपलीं. गांवच्या जुन्या वेशीशीं तो थांबला. तिला तेथें आर्को म्हणतात. तिच्या कमानींत दगडाचीं तीन डोकीं बसविलेलीं आहेत. वाऱ्यापावसानें त्यांचे नाकडोळे केव्हांच झिजून गेले आहेत. तरी तीं डोकीं दरींत कोण येतो तें पाहत आहेत असें वाटतें.

सतरा वर्षांनीं दरींतून फौजा आल्या. जून १९४४ च्या अखेरीस माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें ही वेस सुरुंगानें उडवून रस्ता बंद करण्याचें ठरविलें. गांवकऱ्यांनीं विनविलें: वेस राहूं द्या, रस्ता आम्ही बंद करून देतों. मुदत एका दिवसाची मिळाली. स्त्रीपुरुषांनीं रस्त्यांतील फरसबंदीचे दगड उखडले आणि हातोहात लावून ३० जून रोजीं सबंध कमान भरून काढली. वेस वांचली. व्होल्तेर्राच्या लोकांनीं या नगरींत कोणतें सौंदर्य पाहिलें, तें कोणत्याही प्रवासवर्णनापेक्षां या एका दिवसाच्या कामावरून अधिक समजतें.

त्या उन्हाळ्यांत हे डोंगर पुन्हा ज्यासाठीं वसले त्याच कामीं आले. प्रत्येक माथ्यावर तोफ आणि प्रत्येक उतारावर सुरुंग. खालून चढणाऱ्यांत हिंदी पलटणी होत्या. फ्लॉरेन्सच्या नैऋत्येस मोंतेगुफोनी नांवाचा वाडा आहे. शहरांतील संग्रहालयांचीं चित्रें तेथें दडवून ठेवलेलीं होतीं. हिंदी सैन्याच्या आठव्या डिव्हिजनबरोबर आलेल्या एरिक लिंक्लेटर या लेखकाला भिंतींशीं टेकवून ठेवलेल्या चित्रांत बॉत्तिचेल्लीचें विख्यात वसंतचित्र दिसलें, तेव्हां त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

पूर्वेकडे, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, पांचव्या मराठा पलटणीची तिसरी बटालियन लढत होती. १० जुलै १९४४ रोजीं तिच्यांतील नाईक यशवंत घाडगे याची तुकडी अगदीं जवळून मशीनगनच्या माऱ्यांत सांपडली. त्याच्याखेरीज सर्वजण मेले अथवा जखमी झाले. घाडगे एकटाच पुढें धांवला. हातबाँब टाकून त्यानें ती तोफ बंद पाडली, तिच्या गोलंदाजांपैकीं एकास गोळी घातली, आणि काडतुसें बदलण्यास वेळ न राहिल्यामुळें हातांतली बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविलें. लगेच दुसरीकडून आलेल्या गोळ्यांनीं तो पडला. वय बावीस वर्षांचें. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचा हा तरुण. डोंगरचढ त्याला नवी नव्हती. मरणोत्तर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेंत ५,७८२ हिंदी सैनिक कामीं आले. घाडगे याचें नांव कासिनो येथील स्मारकावर कोरलेलें आहे. त्याची कबर कोठें नाहीं.

त्याच खोऱ्यावर मोंतोने नांवाचें एक छोटेंसें तटबंदी गांव आहे. ब्राच्चो दा मोंतोने या पंधराव्या शतकांतील नामांकित भाडोत्री सेनापतीमुळें इतिहासाला तें ठाऊक आहे. जुलै २०२३ मध्यें गांवच्या नगरपालिकेनें व इटालियन लष्करी इतिहासकारांनीं मिळून तेथें यशवंत घाडगे याचें स्मारक उभारलें. तें छायायंत्राच्या, म्हणजे उन्हाच्या घड्याळाच्या, स्वरूपाचें आहे. गांव पाहावयास चढून येणाऱ्या प्रवाशाला आतां तेथें ब्राच्चोबरोबर हेंही नांव भेटतें.