जुनेराची घडी

तान्ह्या बाळाच्या कपड्यांची मराठी नावे एका दमात घेता येतात: झबले, टोपडे, कुंची, लंगोट, दुपटे. त्यात बाळंतिणीसाठी काही घातले की त्याचा बाळंतविडा होतो. यातला 'दुपटे' हा शब्द कपड्याच्या आकाराविषयी काही सांगत नाही, तो थर मोजतो. दोन पदरांचे ते दुपटे, चार घड्यांची ती चौघडी. त्याहून जाड झाली की गोधडी, आणि आणखी जाड, ओबडधोबड, शेतावर न्यायची असेल तर वाकळ. अनुवाद करताना या शब्दांना इंग्रजीत जवळचा म्हणून 'क्विल्ट' हा शब्द सुचतो. तो लॅटिनमधल्या गादीवाचक शब्दापासून आला आहे आणि आत काहीतरी भरले आहे, एवढेच सांगतो. दुपट्यात भरलेले काहीच नसते. त्यात असते ते जुनेर, म्हणजे नेसून नेसून विरलेले लुगडे. हिंदीतली गुदडी, बांगलातली कांथा, कन्नडमधली कौदी या शब्दांना हे ठाऊक आहे. जुने कापड हा या वस्तूचा अपघात नव्हे, तिची व्याख्या आहे. या लेखात मला त्या जुनेपणाचा माग काढायचा आहे, कारण बाळासाठी घरी शिवलेल्या कापडाचा इतिहास म्हणून जे काही लिहिले जाते त्यातून नेमके तेच निसटते.

आधी कृती, कारण तिच्यातच बराचसा इतिहास आहे. दुपट्यासाठी सुती लुगड्याचे दोन सारखे तुकडे एकावर एक ठेवायचे, कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालत जायचे. गोधडीलाही हाच टाका. फक्त थर जास्त, सुई लांब, आणि शिवण सहसा कडेने सुरू करून फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे न्यायची, म्हणजे थर सरकत नाहीत. झबल्याला माप लागत नाही. कापडाची चौघडी घालून कोपऱ्यात गळ्याची लहानशी कापणी करायची, खाली बाह्यांपुरते सोडून बाकीचे कापून टाकायचे, एक बाजू उघडी ठेवून तिला बंद लावायचे. बटण नको, ते टोचते आणि तोंडात जाते. जाणत्या बायका शिवण अंगाला लागू नये म्हणून बाहेरच्या बाजूला ठेवतात. कुंची म्हणजे एक लांब पट्टी मधोमध दुमडून मागची कड शिवायची, वर टोक होते, खाली पाठ झाकली जाते. या सगळ्यात कात्रीपेक्षा घडी जास्त काम करते. लुगड्याचा जो चौकोन बाईच्या अंगावर होता तो शक्य तितका न कापता बाळाच्या अंगावर येतो.

शिवणकामाचा जो इतिहास आपल्या साहित्यात ठळक आहे, तो मात्र कात्रीचा आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव शिंपी होते. गज, कात्री, सुई, दोरा ही त्यांच्या धंद्याची साधने त्यांच्या भक्तीची भाषा झाली. पंजाबात गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी एकसष्ट पदे आहेत, त्यांतल्या एकात सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा घेऊन ते आपले चित्त हरीशी शिवतात. मराठी कवीची सुई अशी दुसऱ्या भाषेच्या धर्मग्रंथात जाऊन बसली, ही आपल्या बहुभाषिक वारशातली फार सुंदर गोष्ट आहे. पण ती सुई धंद्याची होती, तिला जात होती, मजुरी होती, गिऱ्हाईक होते. घरातल्या सुईला यातले काहीच नव्हते. दुपारची भांडी झाल्यावर, उंबऱ्याशी उजेडात बसून घातलेला धावदोरा हे 'शिवणकाम' आहे असे कुणी म्हणत नसे. ते 'गोधडीला बसणे' होते.

मग जुनेच कापड का? सोपे उत्तर काटकसरीचे आहे आणि ते खरेही आहे. दुसरे उत्तर मऊपणाचे. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ नवे कापड नसते आणि त्याच्याइतके ओल शोषणारेही नसते, नव्या कापडात खळ असते. पण ज्या घरांत नवे कापड घेण्याची ऐपत होती, तिथेही तान्ह्याला आधी जुनेच घालत. उत्तर भारतात आणि बंगालमध्येही हीच चाल आहे. इथे काटकसर आणि मऊपणा ही दोन्ही कारणे पुरत नाहीत.

तिसरे कारण समजायला एक वेगळी रांग पाहावी लागते. भारतात जाणूनबुजून चिंध्या पांघरणारे आणखी एक माणूस आहे: संन्यासी. बौद्ध विनयपिटकात भिक्खूंसाठी टाकून दिलेल्या चिंध्यांचे, पांसुकूल म्हणतात त्या चीवराची परवानगी आहे, आणि बुद्धांनी मगधातली बांध घातलेली शेते दाखवून त्या नमुन्यावर तुकडे जोडायला आनंदाला सांगितले अशी कथा आहे. फकिराची गुदडी, जोग्याची कंथा त्याच रांगेतल्या. आपल्याकडे डेबूजी जानोरकर नावाचा माणूस अंगावर चिंध्या लेवून गावे झाडत फिरला, तेव्हा लोक त्याला गाडगेबाबा म्हणत तसे गोधडेबुवाही म्हणत. संन्याशाने जग सोडलेले असते आणि तान्हे अजून जगात पुरते आलेले नसते. दोघेही उंबऱ्यावरचे. दोघांनाही स्वतःचे असे कापड नसते, दुसऱ्यांच्या वापरून झालेल्या कापडात ते राहतात.

बाळाच्या बाबतीत हा उंबरा केवळ रूपक नव्हता. १९५१ मध्ये, म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या आया-आज्यांच्या हयातीत, भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १४६ वर्ष पुरे होण्याआधी जात. सातातले एक. ज्या घरात पाळणा हलता राहील याची खात्री नाही, तिथे नव्या कपड्यांचा ढीग आधीच शिवून ठेवणे म्हणजे दैवाला डिवचणे होते. नवे कापड दृष्ट ओढवते, जुने तिला चुकवते. मूल चिंध्यांत असेल तर न्यायला आलेल्याला ते न्यावेसे वाटणार नाही. दगडू, धोंडू अशी नावे ठेवण्यामागे जो विचार होता तोच हा. फरक एवढाच की नाव तोंडाने ठेवले जाते आणि दुपटे सुईने.

बिहारच्या मुझफ्फरपूर भागातल्या सुजनीत हा विचार देवतेपर्यंत जातो. तिथेही जुन्या धोतर-साड्यांचे तुकडे जोडून नवजात बाळाला गुंडाळायची चाल होती, आणि त्या तुकड्यांची एक देवी होती, चितिरिया माँ, चिंध्यांची आई. फाटलेले एकत्र शिवले की तिचा आशीर्वाद मिळतो. म्हणजे ज्या कापडाने आजी जगली, आई जगली, तेच कापड नव्या जिवाला 'तूही जग' म्हणून दिले जाते. काटकसर या शब्दात एवढे सगळे मावत नाही.

या वस्तूचे दस्तऐवज कुठे आहेत? जे जपले गेले ते बहुतेक दुसऱ्याच प्रकारचे आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालच्या सातगावहून पोर्तुगीज जहाजांनी पिवळ्या टसर रेशमाने भरलेल्या कोल्चा लिस्बनला नेल्या. त्यांवर बायबलमधले आणि ग्रीक पुराणातले प्रसंग होते. ते व्यावसायिक कारागिरांचे काम, राजवाड्यांसाठी केलेले, म्हणून ते टिकले. एकोणिसाव्या शतकातली मानदासुंदरी हिची कांथा कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात आहे. तिने ती वडिलांसाठी भरली आणि आपले नाव टाक्यांनी लिहिले. कलेतिहासकार स्टेला क्राम्रिश यांनी १९३९ मध्ये कांथेवर निबंध लिहिला, त्यांचा संग्रह आज फिलाडेल्फियात आहे. आणि कवी जसीमुद्दीन यांच्या १९२९ च्या 'नक्शी कांथार माठ'मध्ये साजू आपल्या संसाराची सगळी कहाणी कांथेवर भरते आणि ती आपल्या कबरीवर पसरायला सांगते. या सगळ्या कांथा न वापरलेल्या, किंवा निदान न धुतलेल्या. चित्र असलेल्या, नाव असलेल्या, भेट दिलेल्या. बाळाखालची कांथा रोज धुतली जाई, दगडावर आपटली जाई, दोन-तीन मुलांनंतर तिचे पोतेरे होई आणि शेवटी चुलीत जाई. ती टिकली नाही कारण तिने आपले काम केले. संग्रहालयातल्या कांथेवरून घरातल्या कांथेचा अंदाज बांधणे म्हणजे लग्नातल्या पंगतीवरून रोजच्या जेवणाचा अंदाज बांधणे.

एकोणिसाव्या शतकात सुई शाळेत गेली. सिंथिया फॅरार ही अमेरिकन मिशनरी १८२७ मध्ये मुंबईला आली, पुढे नगरला तिने मुलींच्या शिक्षणाचे काम केले. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम हा विषय असे. एक विसंगती इथे जन्मली. मुलीने शाळेत रुमालाची कड शिवली तर ते शिक्षण, आणि त्याच मुलीच्या आईने घरी आठ थरांची गोधडी शिवली तर ते काहीच नाही. रुखवतात भरतकाम, क्रोशाचे रुमाल मिरवू लागले. गोधडी मिरवण्याची वस्तू नव्हती.

तरी या शाळकरी सुईला मी कमी लेखत नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले, तिथल्या शिवणवर्गांनी बायकांना हातात पैसा दिला. विधवा आईने शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवून मुले वाढवली, हे वाक्य मराठी आत्मचरित्रांत आणि घरांतल्या गोष्टींत इतके वेळा येते की ते वाङ्मयप्रकारच व्हावे. गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांविरुद्ध बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोला हाताने शिवताना शिणलेली पाहून सिंगरने ते प्रेमापोटी बनवले, असे ते म्हणाले. प्रत्यक्षातला आयझॅक सिंगर, ज्याला १८५१ मध्ये पेटंट मिळाले, तो अनेक स्त्रियांपासून झालेल्या वीसहून अधिक मुलांचा बाप होता आणि हिशेबाचा पक्का धंदेवाला होता. पण गांधीजींच्या मनात चित्र होते ते घरात शिवत बसलेल्या बाईच्या थकव्याचे, आणि तो थकवा खरा होता. त्याच सुमारास पाश्चात्त्य घरांत कागदी कापणीनमुना रुळला होता. अमेरिकेत एबेनेझर बटरिकने १८६३ मध्ये मापवार नमुने विकायला सुरुवात केली, त्यांत मुलग्यांचे कपडे होते. १९३० च्या दशकात कलकत्त्यात 'उषा' यंत्रे बनू लागली आणि यंत्र मध्यमवर्गीय माजघरात शिरले. झबल्याला माप आले, कॉलर आली, लेस आली. यंत्रासाठी कापड आखले जाते, कापले जाते, आणि त्यासाठी ते नवे, ताठ असलेले बरे. विरलेले जुनेर यंत्राच्या दाताखाली चुण्या होऊन अडकते. जुन्या कापडाला शह बसला तो असा, कुणी न ठरवता.

त्या जुन्या विद्येचा एक जिवंत धागा महाराष्ट्राच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सापडतो. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून आणलेल्या, गोव्यातून निसटलेल्या गुलामांचे अनेक वंशज त्यांच्यात आहेत. त्यांची बोली कोंकणीच्या अंगाने जाते. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंद' शिवतात, कडेने सुरू करून आत. बाळासाठीच्या कवंदेवर रंगीत लहान तुकडे बसवतात, त्यांना 'टिकेली' म्हणतात. मराठी कानाला लगेच 'ठिगळ' आठवते. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसेल तर कवंद नागडी, पुरी झालेली नव्हे. ज्यांच्या पूर्वजांना स्वतःच्या अंगावरचे कापडही स्वतःचे म्हणता येत नव्हते, त्यांच्या नाती तान्ह्याच्या पांघरुणाला फूल लावल्याशिवाय सोडत नाहीत. कोल्चांच्या इतिहासाला पोर्तुगीज जहाजे लागतात आणि याही इतिहासाला लागतात. मालाची यादी तेवढी वेगळी.

बालमृत्यूचे प्रमाण २०२० च्या आकड्यांनुसार हजारी २८ वर आले होते. हे लस, दवाखाने, स्वच्छ पाणी आणि शिकलेल्या आया यांचे श्रेय, दुपट्याचे नव्हे. ज्या भीतीतून जुनेराची चाल आली ती भीती कमी झाली याचे दुःख करण्यात अर्थ नाही. गोधडीला बसण्यात बाईच्या पाठीचे आणि डोळ्यांचे काय होई तेही विसरू नये. पण आता शहरांतल्या दुकानांत कांथा, सुजनी, गोधडी महाग किमतीने मिळतात. २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक मानांकन मिळाले, शिवणाऱ्या बायकांना मजुरी मिळते, हे चांगलेच झाले. त्यातल्या पुष्कळ नव्या कापडावर शिवलेल्या असतात, आणि ज्या जुन्या साड्यांच्या असतात त्या साड्या गठ्ठ्याने, किलोवर घेतलेल्या असतात.

घरच्या दुपट्याविषयी एक प्रश्न विचारता येत असे आणि त्याला उत्तर मिळत असे: हे कुणाचे लुगडे? थोरल्या आत्याचे, ती गेल्यावर काढलेले. आईचे, तू पोटात असताना नेसलेले. थर मोजले की माणसे मोजली जात. कलेतिहासाने टाक्यांचे प्रकार नोंदवले, आकृत्या नोंदवल्या, प्रदेश नोंदवले. हा प्रश्न मात्र त्याच्या रकान्यांत नव्हता, कारण त्याचे उत्तर कापडावर दिसत नाही. ते फक्त शिवणारीला माहीत असते, आणि तिने सांगितले तर त्यात झोपलेल्याला.