काळे आधी की कावळे?

परवा घरच्या कार्यासाठी पाहुण्यांची यादी करत होतो. दोनशे नावं हातानं कोण लावणार? एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, यादी अक्षरानुक्रमे लावली आणि बाबांना दाखवली. बाबांनी चष्मा वर केला. "कावळ्यांच्या आधी काळे कसे रे? 'ळ' तर शेवटी येतो ना?"

खरंच की! शाळेत आपण य, र, ल, व घोकत 'ह'पर्यंत जायचो आणि मग 'ळ' यायचा. युनिकोडमध्ये मात्र 'ल' ०९३२ आणि 'ळ' ०९३३, म्हणजे 'व'च्या आधीच. नुसत्या क्रमांकांवर यादी लावली की काळे पुढे घुसणारच. मग काय, अख्खा शनिवार 'ळ'च्या मागे गेला...

दिसायला कसा, तर शिरोरेषेला टांगलेला आडवा इंग्रजी आठ. म्हणायचा तर जिभेचं टोक मागे वळवून टाळूला आपटायचं. आमचे नागपूरचे हिंदीभाषक मित्र या भानगडीत पडत नाहीत, ते सरळ 'यवतमाल' म्हणतात.

अक्षर तसं जुनंच. ऋग्वेदाचा दुसराच शब्द 'ईळे'. तिथे दोन स्वरांच्या मधल्या 'ड'चा 'ळ' होतो. पुढच्या अभिजात संस्कृतनं तो सोडला, पालीनं ठेवला. मराठीत 'ड'चा 'ळ' आजही सापडतो: गुड-गूळ, षोडश-सोळा, दाडिम-डाळिंब.

पण खरी गंमत 'ल'ची आहे. प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' असेल, तर मराठीत त्याचा 'ळ' झाला. जोडीनं 'ल्ल' असेल, तर साधा 'ल' उरला. म्हणून संस्कृत 'काल'चा 'काळ' झाला, पण 'कल्य'चं प्राकृतात 'कल्ल' आणि मराठीत 'काल' झालं. फल-फळ, पण फुल्ल-फूल. आणि 'ळ' नेहमी स्वरांच्या मध्येच जन्मला, म्हणून मराठी शब्द 'ळ'नं सुरू होत नाही. थोडक्यात, आपला शुद्ध 'ळ' हा कधीकाळी बदललेला, म्हणजे 'बिघडलेला' 'ल' किंवा 'ड'च आहे!

इथे मला आजी आठवली. आजी अमरावतीकडची. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळे म्हणजे डोये, काळा म्हणजे काया. "डोये मिट अन् झोप," हे ऐकतच मी मोठा झालो. चौथीत असताना एकदा ती मला न्यायला आली आणि वर्गाच्या दारात बाईंना विचारलं, "शाया कवा सुटते?" बाई हसल्या, पोरं हसली. मीपण हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. त्यानंतर आजी मला न्यायला आली नाही.

आता विचार करतो, तर आजी कधीच चुकत नव्हती. ती तेलाला 'तेय' म्हणाली नाही, की फुलाला 'फूय'. तिचा 'ल' जागच्या जागी होता, फक्त 'ळ'चा 'य' व्हायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर मॅपिंग चोख. हिंदीत 'ल' आणि 'ळ' एक झाले, आजीनं दोघांमधला फरक नीट सांभाळला होता. ज्या वाटेनं 'ल'चा 'ळ' झाला, त्याच वाटेवर ती एक पाऊल पुढे होती, इतकंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. लहानपणी आजीचं बोट धरून बघायला जायचो. तिच्या तोंडी ती कायी अन् पिवयी. दरवर्षी मी तिला दुरुस्त करायचो. ती "हो बाप्पा, तेच ते" म्हणायची आणि मला गर्दीत उचलून घ्यायची.

असो. स्क्रिप्ट दुरुस्त केली, काळे कावळ्यांच्या मागे गेले, बाबा खूश झाले. आजीला सॉरी म्हणायचं मात्र राहून गेलं.