जुनी पेट्रोल गाडी व फवारणी पंपासाठी ई-२० इंधन : काय बदलावे, काय बदलू नये

अमरावती, अकोला भागातील पंपांवर आता मिळणारे साधे पेट्रोल म्हणजे ई-२०, म्हणजेच ८० टक्के पेट्रोल व २० टक्के इथेनॉल. महाराष्ट्राला मिश्रण नवीन नाही. २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे ५ टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प झाले होते. देशाने १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले. हे इथेनॉल ऊस आणि मक्यापासून येते. मक्याला त्यामुळे मागणी वाढली. पण इथेनॉल काढल्यावर उरणारा मक्याचा चोथा पशुखाद्यात सोयाबीन पेंडीची जागा घेतो, हेही वऱ्हाडातील सोयाबीन उत्पादकांनी लक्षात ठेवावे.

ॲव्हरेज किती घटते?

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार जुन्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, तर दुचाकीत ३ ते ४ टक्के घट येऊ शकते. लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी कार १४ च्या आसपास येईल. याहून जास्त घट असेल तर दोष इथेनॉलला न देता एअर फिल्टर, प्लग व टायरमधील हवा आधी तपासावी.

गाडीत करावयाचे बदल

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर व धातूचे भाग ई-२० साठी योग्य असतात. त्यापूर्वीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या, ओ-रिंग व कार्बोरेटरमधील गॅस्केट तपासावेत. इथेनॉलने साधे रबर फुगते, नंतर कडक होऊन तडकते. बदलताना इथेनॉल सहन करणारे भाग मागून घ्यावेत. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवते, म्हणून सुरुवातीच्या काही टाक्यांनंतर पेट्रोल फिल्टर बदलावा.

इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर इंधनाचे प्रमाण बऱ्याच अंशी स्वतः जुळवतो. कार्बोरेटरला ते जमत नाही, मिश्रण पातळ होते. प्लग काढून पाहावा. टोक पांढरे पडले असेल तर मेकॅनिककडून एक माप मोठा मेन जेट बसवून घ्यावा. फिकट तपकिरी असेल तर काहीही छेडू नये. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा इंजिनाजवळून जाणाऱ्या नळीत वाफ अडकून गाडी बंद पडू शकते. नळी सायलेन्सरपासून दूर बांधावी.

ई-८५ किंवा शुद्ध इथेनॉलसाठी किट बसवण्याचा सल्ला कोणी दिल्यास आमचे मत स्पष्ट आहे, बसवू नये. शुद्ध इथेनॉलला सुमारे दीडपट इंधन लागते; इंजेक्टर, पंप, नियंत्रण यंत्रणा सगळेच बदलावे लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मंजुरीशिवाय बदल करता येत नाही, आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो.

फवारणी पंप व ब्रश कटर : खरा धोका इथे

इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी वाढले की पाणी व इथेनॉलचा थर तळाशी बसतो. टू-स्ट्रोक यंत्रात मिसळलेले ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. तळातले हे ऑइल नसलेले द्रव इंजिनात गेले की पिस्टन जाम होतो, तोही नेमका फवारणीच्या घाईत.

म्हणून महिनाभर पुरेल एवढेच पेट्रोल आणावे, कॅन घट्ट झाकावा व ऑइल ऐनवेळी मिसळावे. फवारणीचा हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत यंत्र चालवावे.

पेट्रोलमध्ये पाणी आहे का?

पारदर्शक मोजपात्रात ९० मिली पेट्रोल व १० मिली पाणी घालून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. खालचा थर सुमारे २८ मिलीपर्यंत वाढला तर ती भेसळ नव्हे. पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरलेले आहे. पाणी न घालताच तळाशी वेगळा थर दिसला, तर मात्र ते पेट्रोल यंत्रात टाकू नये.